मला उचलणारे रंगनाथभाऊ

माझ्या आयुष्यातली अकरा वर्षं मी रंगनाथ गांगुर्डे या गृहस्थांच्या खांद्यावर काढली. हे मी चारचौघांत सांगितलं की आमचे हे घाईघाईने पुढचं वाक्य जोडतात, "म्हणजे नाचात हो, नाचात." मग समोरचा विचारतो, कसला नाच? तिथून पुढे आम्हा दोघांचीही गाडी अडते. कारण मी कंटेम्पररी डान्स करायचे, आणि कंटेम्पररी डान्स म्हणजे काय हे नाशकात समजावून सांगण्यापेक्षा मी इतकी वर्षं घरीच होते असं सांगणं सोपं जातं.

तरी थोडक्यात सांगते. इतर नाचांत माणूस उभा राहून नाचतो. आमच्यात आधी पडायला शिकवतात. पहिले सहा महिने लादीवर लोळायचं, घसरायचं, श्वास सोडत कोसळायचं आणि लागू न देता उठायचं. माझे वडील एकदा विसरलेला डबा द्यायला आले, दारातून पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि घरी जाऊन आईला म्हणाले, "सगळीच पोरं आजारी दिसतायत गं." पडणं जमलं की दुसऱ्याच्या अंगावर वजन टाकायचं, दुसऱ्याचं आपल्यावर घ्यायचं, आणि शेवटी एकाने दुसऱ्याला उचलायचं. या उचलण्याला आम्ही लिफ्ट म्हणतो. लिफ्टमध्ये वर जाणाऱ्याचे फोटो निघतात आणि खालच्याची कंबर जाते. रंगनाथभाऊ खालचे होते.

आमची कंपनी मखमलाबादच्या पुढे, द्राक्षांच्या एका बंद पडलेल्या पॅकहाऊसमध्ये होती. कंपनीच्या मालकीण, दिग्दर्शिका आणि सर्वेसर्वा म्हणजे मीनल मॅडम. त्या दोन वर्षं परदेशात नाच शिकून आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना साधं काही बोलता येत नसे. "पंखा लावा" म्हणायचं असलं तरी त्या आधी डोळे मिटून हवेचा अंदाज घेत. पॅकहाऊस त्यांनी घेतलं तेव्हा आत द्राक्षं थंड ठेवण्याचं एक अजस्र यंत्र होतं. ते हलवायला लासलगावच्या मार्केट यार्डातली हमालांची टोळी बोलावली. त्या टोळीत रंगनाथभाऊ.

आम्ही पाच-सहा जण कोपऱ्यात उभे होतो. रंगनाथभाऊंनी यंत्राला दोरी घातली, गुडघे वाकवले, मान सैल सोडली, "हां" असा आवाज काढला आणि यंत्र जमिनीवरून सुटलं. मीनल मॅडमनी तोंडावर हात ठेवला. दोन वर्षं त्या आमच्या डोक्यात जे घालायचा प्रयत्न करत होत्या, पाठीचा कणा मोकळा ठेवा, वजन तळव्यांतून जमिनीत जाऊ द्या, ते सगळं हा माणूस बनियनवर करून दाखवत होता.

"तुम्ही ट्रेनिंग कुठे घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"मार्केट यार्डात."

"किती वर्षं?"

"बापाबरोबर जायला लागलो तवापासून."

मॅडमनी त्यांना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. आधी सेटचं सामान उचलायला आणि महिन्याभरात आम्हाला उचलायला. भाऊंनी ती का घेतली याचं सगळ्यांना नवल वाटायचं. यार्डात त्यांचा बिल्ला होता, टोळी होती, मान होता. पण गावाकडच्या प्रत्येक वरातीत हा माणूस बँडच्या तोंडाशी नाचणारा. नाचायची नोकरी असते हेच त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, आणि मग त्यांना राहवेना. सासुरवाडीला त्यांनी "कंपनीत लागलो" एवढंच सांगितलं. नाशकात कंपनी म्हटलं की सातपूर किंवा अंबड. सासूबाईंनी खूश होऊन विचारलं, "बस येती का न्यायला? कँटीन हाय?" भाऊ म्हणाले, "हाय." खोटं नव्हतं ते. मॅडमची व्हॅन होती आणि आपापले डबे होते.

डब्यांची गंमत वेगळीच. आम्ही भिजवलेले बदाम मोजून खायचो आणि कुणी कसलं कसलं बी पाण्यात भिजवून प्यायचं. भाऊ दोन बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा आणि एक कांदा बुक्कीने फोडून खायचे आणि आमच्याकडे दयेने बघायचे. "हे खाऊन माणूस वर जाईल, पण खाली कसा ऱ्हाईल?" असं ते म्हणायचे. खाली राहणं हा त्यांच्या दृष्टीने मोठा गुण होता, निदान तेव्हा तरी.

मला त्यांनी पहिल्यांदा उचललं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी चांगली शिकलेली, सडपातळ, स्वतःविषयी बरं मत असलेली मुलगी. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, दोन पावलं टाकली आणि परत खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही वजन चोरता."

"म्हणजे?"

"वर गेल्यावर भ्यायचं आन् अंग आखडून घ्यायचं. मग मला ठाव लागत नाय वजन कुठं हाय. गोणी कधी चोरत नाय बघा. गोणीवर माझा भरवसा हाय. माणूस वर गेला का विचार करायला लागतो."

मीनल मॅडमनी हे लगेच वहीत इंग्रजीत लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी एका परिसंवादात स्वतःचं म्हणून सांगितलं. मी मात्र ते अंगात मुरवलं. चार महिने लागले. मग एक दिवस मी त्यांच्या खांद्यावर पूर्णपणे गोणी झाले, आणि त्या दिवसापासून मला खरा नाच यायला लागला असं मी आजही मानते.

त्यांना माणसाचं वजन वाचता यायचं. मी वर चढले की खालून आवाज यायचा, "आज घरी वाजलं काय ताई? वजन डाव्या अंगाला जातंय." आणि खरोखरच वाजलेलं असायचं. एकदा आमच्यातल्या प्राजक्ताला उचलून त्यांनी अलगद खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, आज ऱ्हाऊ द्या. डॉक्टरकडं जाऊन या." तिला दिवस गेले होते. तिलाच माहीत नव्हतं.

उचलताना "हां" म्हणायची मात्र त्यांची सवय सुटेना. मॅडमना तो आवाज खपायचा नाही. कलाकृती शांततेविषयी होती. "रंगनाथ, श्वास आत ठेवा," त्या सांगायच्या. भाऊंनी प्रयत्न केला. "हां"शिवाय माझा डावा पायसुद्धा जमिनीवरून उचलला जाईना. शेवटी संगीतकाराला सांगून तो आवाजच संगीतात घातला. प्रयोगानंतर एका इंग्रजी पेपरात आलं की मधूनमधून ऐकू येणारा तो आदिम उच्छ्वास प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. मी भाऊंना अर्थ सांगितला. ते म्हणाले, "त्यांना सांगा, दोन गोण्यांना दोनदा येतो."

त्या प्रयोगाला नाशकात वहिनी आल्या होत्या. मंगलवहिनी, त्यांच्या आई, दोन भाऊ, जीप करून. ही कंपनी कसली ते तोवर घरी कळलं होतं, तर नवरा एवढी वर्षं कंपनीत नाचतो म्हणजे करतो काय ते एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून. पुढून तिसऱ्या रांगेत बसवलं होतं सगळ्यांना. प्रयोग चाळीस मिनिटांचा. त्यातली पहिली वीस मिनिटं माझ्या अंगावरचं दहा मीटर पिवळं कापड भाऊंच्या डोक्यावरून खाली सोडलेलं होतं. कापड निघालं तेव्हा माझा गुडघा त्यांच्या तोंडासमोर आला. गुडघा हलला तेव्हा ते पाठमोरे होते. शेवटी नमस्काराला आम्ही ओळीने उभे राहिलो तर मॅडमनी प्रकाश मंद ठेवलेला, कारण त्यांना टाळ्यांचा अहंकार नको होता.

बाहेर पडल्यावर सासूबाईंनी विचारलं, "जावई आलेच न्हाईत काय?"

वहिनी म्हणाल्या, "व्हते की. मला पाय दिसले ना. टाचंची भेग वळखली मी."

सगळे हसले. भाऊही हसले. जीपपाशी जाऊन त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, मेहुण्यांची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी तालमीला आल्यावर मात्र माझ्याशेजारी बसून म्हणाले, "ताई, एकदा पुढं नाचायचंय मला. माझं तोंड दिसलं पायजे. मंगलला, सासूला, समद्यांना. लय नाय, एकदाच."

मी म्हटलं, मॅडमना विचारा. त्यांनी विचारलं. मॅडमनी त्यांना समोर बसवून पाऊण तास समजावलं की आपल्या कामात पुढे आणि मागे ही कल्पनाच नाही. अवकाश सगळ्यांचा समान आहे. मागे असणं हेही एक पुढे असणंच आहे.

"मग मी पुढं उभा ऱ्हायलो तर?" भाऊंनी विचारलं.

"तसं नाही," मॅडम म्हणाल्या.

यानंतर मॅडमना थोडं वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या माहितीपत्रकात त्यांनी भाऊंवर चार ओळी जास्त घातल्या. रंगनाथ गांगुर्डे यांची देहसाधना भार आणि विसर्जन यांमधल्या ताणाचा शोध घेते, असं काहीसं. भाऊंनी मला ते वाचायला लावलं.

"म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे तुम्ही उचलता आणि खाली ठेवता."

"मंग तसंच लिहायचं ना. आमच्या मेहुण्याला पण कळलं असतं."

नाचणाऱ्याची नोकरी ही तशीही घरच्यांना कळण्यासारखी नसते. सतराव्या वर्षी सुरू करायचं, पंचविशीत चांगलं व्हायचं आणि पस्तिशीत गुडघे दाखवायला ऑर्थोपेडिककडे रांग लावायची. आमच्या पहिल्या फळीतली नेहा लग्नाच्या संगीतांना नवऱ्या मुलीच्या आत्यांना नाच शिकवू लागली आणि आमच्यापैकी कुणालाही तिच्या तारखा मिळेनाशा झाल्या. प्राजक्ता मूल झाल्यावर श्वसनाचे वर्ग घेऊ लागली. किरण ओझरला वडिलांच्या ओळखीने नोकरीला लागला आणि सांगतो की आता फक्त दुपारच्या जेवणानंतर पडतो. जुन्यांपैकी राहिलो मी आणि भाऊ. मी अडतिशीकडे झुकलेली, ते पंचेचाळिशीचे. दोघांनाही माहीत होतं की आता एखाददुसरं काम, मग संपलं. म्हणून जेव्हा एल्के येणार असं कळलं तेव्हा भाऊंचे डोळे लकाकले.

एल्के ही युरोपातली फार मोठी दिग्दर्शिका. ती आमच्याबरोबर नवीन कलाकृती बसवणार होती. विषय श्रम. नाव 'लोड'. त्यात एक माणूस मध्यभागी, पंचवीस मिनिटं, एकटा, प्रेक्षकांकडे तोंड करून. तो कोण हे ती निवडचाचणी घेऊन ठरवणार होती. जुना, नवा, सगळ्यांना समान संधी.

"पंचवीस मिनिटं," भाऊ म्हणाले. "आन् तोंड पुढं?"

"तोंड पुढे."

"बास."

ती यायच्या आधी तिच्या सूचनेवरून मॅडमनी आम्हा सगळ्यांना अभ्यासासाठी लासलगावला नेलं. हमाल बघायला. वाटाडे अर्थात भाऊ. आम्ही अकरा जण, वह्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत उभे. हमाल आमच्याकडे बघतायत, आम्ही हमालांकडे. लिलाव करणारी मंडळी घोळक्याने पुढे सरकत आली, त्यांना वाटलं आम्ही व्यापाऱ्याकडचे, म्हणून एकाने आमच्यातल्या आर्यनला भाव विचारला. आर्यन हा पुण्याचा, परदेशातून डिप्लोमा घेऊन आलेला, नुकताच कंपनीत दाखल झालेला गोड मुलगा. तो उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो कांद्याच्या ढिगाशेजारी उताणा झोपून डोळे मिटून कांद्याशी संवाद साधत होता.

टोळीचा मुकादम भाऊंच्या जुन्या ओळखीचा. त्याने भाऊंना बाजूला घेतलं. "रंग्या, पोराला ऊन लागलं का?"

"नाय. शिकतोय."

"काय शिकतोय?"

"आपलं काम."

मुकादम बराच वेळ आर्यनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झोपून?"

त्यानंतर आठवड्याने एल्केची मेल आली. मॅडमनी ती जशीच्या तशी कंपनीच्या ग्रुपवर टाकली. इंग्रजीत, लांबलचक. मथितार्थ असा की निवडीच्या दिवशी मला नाच बघायचा नाही. उड्या नकोत, गिरक्या नकोत, ताणलेली बोटं नकोत. मला फक्त ओझं वाहणारं शरीर हवं आहे. साधं, थकलेलं, खरं.

त्याच आठवड्यात भाऊ मला दुपारी थांबायची विनंती करू लागले. "ताई, पायाची बोटं कशी ताणायची ते शिकवा की. आन् ती उडी. एक पाय पुढं, एक मागं, ती."

मी शिकवली. पंचेचाळीस वर्षांचा, अर्धं आयुष्य गोण्या वाहिलेला माणूस. तळवे असे रुतलेले की बोटं ताणायला सांगितलं तर पोटरीत गोळा यायचा. रोज दुपारी तासभर ते उडी मारायचे आणि पॅकहाऊसचे पत्रे थरथरायचे. घामाघूम होऊन विचारायचे, "आता बरी हाय का?" मी म्हणायचे, बरी आहे.

आता खरं सांगते. ती मेल मी वाचली होती. भाऊंना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. मॅडमना वाटलं मी सांगेन, बाकीच्यांना वाटलं मॅडमनी सांगितलं असेल. मी स्वतःशी असं म्हटलं की हमालाला हमाल कसा दिसतो हे काय सांगायचं, उभा राहिला तरी निवडला जाईल. ही उड्यांची हौस आहे, होऊ दे. पण त्याच्याखाली दुसरीही एक गोष्ट होती. भाऊ मध्यभागी गेले तर मला उचलणार कोण? अडतिसाव्या वर्षी मला नवा खांदा मिळणार नव्हता. एवढा स्पष्ट विचार मी केला नाही, पण केला नाही असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला या गोष्टीची लाज वाटते.

निवडीच्या दिवशी सकाळी सगळे जण लासलगावहून आल्यासारखे आले. दाढ्या वाढवलेल्या, बनियन मुद्दाम मळवलेले. कुणी खांद्यावर गोणपाट टाकलेलं. आर्यनने तर कपाळाला माती लावली होती. एकेक जण एल्केसमोर जायचा, अदृश्य गोणी उचलायचा, वाकायचा, धापा टाकायचा. इतके हमाल एका वेळी मी मार्केट यार्डातही पाहिले नव्हते. एल्के मान डोलावत होती, कागदावर लिहीत होती.

मग रंगनाथभाऊ आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पँटीत खोचलेला. केसांना तेल, भांग पाडलेला. त्यांनी एल्केला नमस्कार केला, मध्यभागी उभे राहिले आणि नाचले. धावत येऊन उडी, गिरकी, परत उडी, हात पसरून समोर बघून हसणं. पायाची बोटं त्यांनी जिवाच्या आकांताने ताणली होती. कुणीतरी मागे फस्सकन हसलं. मी मान खाली घातली आणि लादीवरच्या फटी बघत राहिले. पहिल्या उडीनंतरचं मी काहीच पाहिलं नाही, फक्त पत्र्यांचा आवाज ऐकला.

संपल्यावर एल्केने मॅडमना काही विचारलं. मॅडमनी ते मराठीत केलं. "त्या विचारतायत, तुम्ही नाचत का होतात?"

"हो," भाऊ धापा टाकत, आनंदाने म्हणाले. त्यांना वाटलं आपण नाचलो हे तिला कळलं.

एल्केने मग आणखी विचारलं, या माणसाने कधी हमालाला काम करताना पाहिलंय का? मॅडमनी तिला सांगितलं की हा स्वतःच हमाल होता. त्यावर तिचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "अरेरे," असं काहीतरी ती तिच्या भाषेत म्हणाली, आणि मग इंग्रजीत, "इतकी वर्षं शिकवून तुम्ही याच्यातलं खरं ते घालवलंत."

हमालाची भूमिका आर्यनला मिळाली.

भाऊंनी आदळआपट केली नाही. उलट पुढचे दोन महिने आर्यनला गोणी उचलायला तेच शिकवत होते. "कमरेतून नको रे बाबा, गुडघ्यातून. मान सोड." पोरगा गुणी होता, ऐकायचा. एके दिवशी डबे खाताना मी शेवटी बोलले. म्हटलं, भाऊ, मेलमध्ये लिहिलं होतं, नाच नको म्हणून. मी सांगायला हवं होतं. तुम्ही नुसतं यार्डात चालता तसे चालला असतात तरी झालं असतं.

भाऊंनी घास गिळला. "सांगितलं असतं तरी मी नाचलोच असतो, ताई."

"का?"

"गोणी टाकायची म्हणून तर हितं आलो. परत गोणीच दाखवायची व्हती तर यार्ड काय वाईट व्हतं?"

एवढं बोलून त्यांनी कांद्याची एक पाकळी माझ्या डब्यात ठेवली.

'लोड'चा पहिला प्रयोग नाशकातच झाला. भाऊंची जुनी टोळी बघायला आली होती, मुकादमासकट बारा जण. आर्यनच्या पाठीला त्रास होऊ नये म्हणून गोणीत फोम भरला होता. त्याने ती पापणी न हलवता, असह्य वेदनेने, अतिशय सावकाश उचलली. मागच्या रांगांतून मोठ्याने हसू फुटलं. "अरं कापूस हाय त्यात!" कुणीतरी ओरडलं. टोळी पंचवीस मिनिटं हसत होती. नंतर छापून आलं की श्रमिक प्रेक्षकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद हे या प्रयोगाचं सर्वांत मोठं यश आहे. प्रयोगात मीही होते, एका कोपऱ्यात, एका नव्या मुलाच्या खांद्यावर, जो खालून सारखा "सॉरी" म्हणत होता.

भाऊ तेव्हा विंगेत होते, एल्केने त्यांना 'लोड'मध्ये घेतलंच नव्हतं. प्रयोगानंतर त्यांनी सेट टेंपोत भरला आणि मॅडमना सांगितलं की सोमवारपासून येत नाही. मॅडमनी आम्हाला सगळ्यांना गोल बसवलं. असं कुणी गेलं की गोल बसून प्रत्येकाने मनातलं बोलायचं अशी आमच्याकडे पद्धत होती. सगळे बोलले, दोघं रडले. भाऊंची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "बरं हाय समदं. सेटच्या फळ्या पुसताना ओलं फडकं वापरू नका, लाकूड फुगतं."

त्यानंतर वर्षभरात मीही थांबले. कंपनी अजून आहे, पण तिकडे जाणं होत नाही. शाळांच्या नृत्यस्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात, तेवढं करते. मागच्या हिवाळ्यात अशीच देवळाली कॅम्पात एका शाळेत गेले होते. काम लवकर आटोपलं आणि बाजारातून बसस्टॉपकडे निघाले तर एका छोट्या हॉलमधून गाण्याचा दणदणाट ऐकू आला, आणि मधूनच एक धप्प आवाज. तो आवाज मी शंभर आवाजांत ओळखला असता. दारावर रंगवलेली पाटी होती, रंगनाथ सर डान्स क्लास.

मी दारात उभी राहिले. आत लष्करातल्या लोकांची, बाजारातल्या दुकानदारांची पोरं होती, वीसेक तरी. आणि त्यांच्यासमोर भाऊ, पांढऱ्या शर्टात, उडी दाखवत होते. एक पाय पुढे, एक मागे. मी या वेळी नीट बघितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. उडी वाईट होती. बोटं अजून पुरती ताणली जात नव्हती आणि उतरताना हॉल हलत होता. पण चेहरा असा काही उजळलेला होता की पायांकडे बघायचं मी विसरूनच गेले. अकरा वर्षं या माणसाच्या खांद्यावर बसून मी हा चेहरा कधी पाहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्यातल्या परीक्षकाला खटकत होती. हॉल अरुंद, तरी वीसच्या वीस पोरं एकाच ओळीत उभी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खांद्याला खांदा. हात पसरले की शेजारच्याच्या नाकावर. पाठीमागे सगळा हॉल रिकामा. उडी मारली की चार-पाच जण एकमेकांत अडकून पडत, हसत आणि परत उठत.

गाणं थांबलं. भाऊंनी मला पाहिलं. "ताई!" म्हणून धावत आले, खुर्ची पुढे केली, एका पोरीला पाणी आणायला पिटाळलं. वहिनी बऱ्या आहेत, मुलगी शिकतेय, सगळं विचारून झालं. मग मला राहवेना.

"भाऊ, यांच्या दोन ओळी करा ना. मागे केवढी जागा आहे. हात तरी मोकळे होतील पोरांचे."

भाऊंनी मागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी अगदीच अडाण्यासारखं विचारावं तसे ते बघत होते.

"मागच्यांचं तोंड कोणाला दिसायचं, ताई?"

तेवढ्यात पोरांनी कालवा सुरू केला, सर, परत लावा, परत लावा. भाऊ त्यांच्याकडे वळले, दोन्ही हातांनी ओळ मधोमध फाकवली आणि म्हणाले, "सरका रे थोडं. ताईंना जागा द्या."